का बदललं, ते लिही

आमच्या सातवीच्या वर्गाचा एक विकी आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची आणि एकमेकांची बदलायची पानं. जात विकिपीडियाचीच, पण वर्गापुरता आणि कुलूपबंद. डोकुविकी हे त्यामागचं मोफत सॉफ्टवेअर २००४ पासूनचं. त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, म्हणून जुन्या संगणकावरही निमूट चालतं. तांत्रिक भाग इतकाच.

विकीवर मुलं लिहायला शिकतात, असं सगळे सांगतात. मला वाटतं, ती आधी वाचायला शिकतात, आणि तेही एका छोट्याशा चौकटीमुळे. बदल जतन करताना खाली एक ओळ लिहायची जागा असते: काय बदललं आणि का. विकिपीडियावर तिला ‘संपादन सारांश’ म्हणतात. मोठी माणसंसुद्धा ती सर्रास रिकामी सोडतात. माझ्या वर्गात मात्र ती भरावीच लागते. बाकी नियमांत मी बरीच ढिली आहे.

वटवाघळाचं पान घ्या. सुरुवात अशी होती: ‘वटवाघूळ हा आंधळा पक्षी आहे. तो रात्री उडतो.’ एकाने ‘पक्षी’ खोडून ‘सस्तन प्राणी’ केलं. कारण: ‘पिल्लांना दूध पाजतं.’ मग एका मुलीने ‘आंधळा’ काढलं: ‘डोळे असतात, दिसतंही.’ दुसऱ्या दिवशी एका मुलाने ‘आंधळा’ परत घातला. कारण: ‘सगळे म्हणतात.’ तिने पुन्हा काढला, त्याला तो पुन्हा घालायचा होता.

इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवता येत नाही. आमच्याकडे एकदाच. त्यानंतर जे काय भांडायचं ते चर्चेच्या पानावर. तिथे तिने एवढंच लिहिलं: ‘सगळे म्हणजे कोण?’

स्रोत म्हणजे काय, हे मी फळ्यावर कितीही वेळा समजावलं असतं तरी या तीन शब्दांइतकं पोचलं नसतं. दोघंही चिडून पुस्तकं धुंडाळायला गेली. आज त्या जागी आहे: ‘वटवाघळांना दिसतं. कीटक खाणारी बरीच वटवाघळं अंधारात प्रतिध्वनीवरून वाट काढतात. फळं खाणारी मोठी वटवाघळं बहुतेक डोळ्यांवर आणि वासावर अवलंबून असतात.’ या गडबडीत, एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने ‘तो रात्री उडतो’ हे तसंच राहिलेलं वाक्य हेरलं आणि ‘तो’चं ‘ते’ केलं. सारांश: ‘ते वटवाघूळ.’ मी लाल पेनाने हेच केलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

सुरुवातीला अडचण वेगळीच येते. ‘दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नाही’ हे आपणच वर्षानुवर्षं बजावलेलं, त्यामुळे भिडस्त मुलं दुसऱ्याच्या वाक्याला हातच लावत नाहीत, आणि धीट मुलं सगळं पान पुसून आपलं चिकटवतात. दोन्हींवर उतारा तोच, सारांशाची ओळ. भिडस्ताला ती परवानगीसारखी वाटते, धीटाला कारण द्यावं लागतं. अख्खा परिच्छेद उडवल्याचं कारण एका ओळीत मांडताना निम्मे जण आपणहून माघार घेतात.

डोकुविकीत एक जण पान संपादित करत असला की ते इतरांसाठी कुलूपबंद होतं, मूळ सेटिंग १५ मिनिटांचं. सुरुवातीला माझी चिडचिड व्हायची. पण थांबलेली मुलं तेवढ्यात दुसऱ्यांची पानं वाचतात, म्हणून मी ते सेटिंग तसंच ठेवलं आहे.

गुणांचं विचाराल तर, बदलांची संख्या मोजू नका. प्रत्येक पानाच्या बदलांच्या इतिहासात कुणी काय केलं ते दिसतं, दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून खोडलेलं आणि घातलेलं वेगवेगळ्या रंगांत पाहता येतं, आणि मोजण्याचा मोह होतोच. पण संख्येला गुण मिळतात हे कळलं, की पोरं एकेक स्वल्पविराम वेगळा जतन करू लागतात! मी त्यांनाच आपले दोन-तीन बदल निवडायला सांगते आणि त्यांवर तोंडी विचारते. हस्ताक्षर, शुद्धलेखन यांसाठी वही आहेच. टंकताना रफार आणि जोडाक्षरं यांवर अडणाऱ्या मुलाला तर आधी कागदावरच लिहू द्यावं.

वर्ष संपलं की विकी पुसून नव्या वर्गाला कोरा द्यावा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी देत नाही. जुन्या मुलांची खाती टोपणनावांचीच असतात, ती बंद करते आणि पानं चुकांसकट पुढच्या वर्गाकडे जातात. त्यांचं पहिलं काम ठरलेलं: कुठलंही एक वाक्य निवडायचं, बदलायचं, आणि का ते लिहायचं. यंदा बरेच जण वटवाघळाच्याच पानावर गेले. कीटक खाणाऱ्या वटवाघळांना फळं दिली तर ती खातील का, यावर सध्या चर्चेच्या पानावर जुंपली आहे.