मिंट अपडेट: दोन ‘बिऱ्हाड’ आणि न जुळणारी बेरीज

सापडलं एकदाचं! विंडोज सोडून लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर आल्यापासून मंडळाच्या वर्गणीची बेरीज का जुळत नव्हती, ते काल रात्री उलगडलं. लिब्रेऑफिसचा (एक्सेलसारख्या फुकट पॅकेजचा) त्यात काडीचाही दोष नाही.

बाकीचं आधी उरकतो. माझा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मिंट २२ टाकलं. २०२९ पर्यंत चिंता नाही. साटा एसएसडी (नवी डिस्क) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणली. तिथे बिल मागितलं की भाव बदलतो, तरी बिल घ्याच. प्रिंटर ड्रायव्हर न टाकता चालला, यावर अजून विश्वास बसत नाही.

आता मुख्य दुखणं. आमच्या गिरगावच्या चाळीच्या वर्गणी-शीटमध्ये ‘प्रकार’ असा रकाना आहे: बिऱ्हाड, गाळा, बाहेरचे. तिन्हींची वेगवेगळी बेरीज सम-इफने (दिलेला शब्द जुळेल तेवढ्याच ओळी मिळवणाऱ्या फॉर्म्युल्याने) येते. तिन्ही मिळवल्या तर एकूण रकमेपेक्षा कमी भरायच्या. खजिनदार काका म्हणाले, “अरे, निम्मी बिऱ्हाडं गावी गेली की काय?” फिल्टर उघडला, तर यादीत ‘बिऱ्हाड’ दोनदा. अक्षर न् अक्षर सारखं. स्पेस नाही, फॉन्ट एकच, रंग एकच.

शेवटी शेजारच्या रकान्यात लेन फॉर्म्युला टाकला, तो शब्दातली चिन्हं मोजतो. एका बिऱ्हाडाची लांबी ७ आली, दुसऱ्याची ८!

विंडोजवरचं माझं जुनं फोनेटिक टूल हा अर्धा र लिहिताना साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे (२००डी) टाकायचं. कंसात त्या त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक आहे; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं प्रमाण. मिंटवरचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) शिफ्ट-जेने थेट ऱ (०९३१) देतो, मग नुसता डीवरचा हलन्त पुरतो. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण सम-इफला त्या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या ओळी एका रीतीच्या, मिंटवर भरलेल्या दुसऱ्या.

(कीबोर्डसाठी आयबस, एफसिटिक्स अशा वेगळ्या टायपिंग टूल्सच्या भानगडीत पडू नका. सिस्टिमच्या सेटिंगमधला मराठी लेआउट लावा, सुखी व्हाल.)

उपाय एका ओळीचा निघाला. सबस्टिट्यूट या शोधा-बदला फॉर्म्युल्यात युनिकॅर (क्रमांकावरून अक्षर देणारा फॉर्म्युला) वापरून २३५२, २३८१, ८२०५ शोधायचे आणि त्या जागी २३५३, २३८१ ठेवायचे. हे वरचेच क्रमांक, फक्त दशमान पद्धतीत. बेरीज रुपयाला रुपया जुळली. काकांना फिल्टर उघडून दाखवला, एकच बिऱ्हाड! त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, मला मात्र झोप लागेना.

त्याच जोरावर सभांच्या इतिवृत्तांकडे वळलो आणि तिथे अडकलो. मेसेजमधून कॉपी-पेस्ट करताना काही मजकुरातला झेडडब्ल्यूजे गळून गेलाय. तिथे सरळ रफार दिसतो: बिर्हाड, दुसर्या. ‘ह’चं बरंचसं डोळे मिटून बदलता येईल, ‘अर्हता’सारखे थोडे शब्द वगळले की झालं. ‘य’चं तसं नाही. सूर्य, कार्य, आचार्य यांचा रफार खरा आहे. आणि महाप्रसादाच्या हिशेबात ‘आचार्यांना मानधन’ असं दिसतंय. ते कीर्तनाला आलेले आचार्य की पुऱ्या तळणारे आचारी, हे सेडला (मजकूर आपोआप बदलणाऱ्या लिनक्सच्या कमांडला) कसं कळावं? ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’चंही तेच.

पायथनची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहून इतिवृत्तांचा अख्खा फोल्डर एका दमात धुऊन काढायचा बेत होता. इतिवृत्तं ओडीटी या लिब्रेऑफिसच्या फाइल प्रकारात आहेत. ओडीटी म्हणजे झिपमधलं एक्सएमएल, म्हणजे आत साधा मजकूरच, त्यामुळे ते अवघड नाही. पण हे लिहितानाच वाटतंय की तो बेत चुकीच्या टोकाला आहे. पोरं पुढच्या वर्षी पुन्हा आपापल्या फोनवरून नोंदी पाठवणार, प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. म्हणजे गाळणी दारातच हवी: ‘आवक’ नावाचं वेगळं शीट, शेजारी सबस्टिट्यूटचा रकाना, आणि ‘प्रकार’ तर टाइप करूच द्यायचा नाही, व्हॅलिडिटीची यादी (ठरलेल्या पर्यायांतूनच निवड करू देणारी) लावायची. मूळ नोंदीला हात लावायचा नाही.

इतिवृत्तांसाठी स्क्रिप्ट फक्त रफारवाल्या ‘य’च्या शब्दांची यादी काढेल आणि निवाडा मी करेन. खऱ्या रफाराच्या शब्दांची तयार यादी कुणाकडे असेल तर द्या, तेवढीच चाळणी कमी होईल. पावतीपुस्तकाची छपाई त्यानंतर.