पाठ फिरल्यावरचा वर्ग

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिलं’ हा विषय दिलाय. संस्कार, शिस्त, वक्तशीरपणा हे बाकीचे लिहितीलच. मी मुख्याध्यापकांविषयी लिहितो. हायस्कुलात असताना मला तिघे बघायला मिळाले, आणि पुढे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी झाली तेव्हा तिथले साहेबही मी याच तिघांच्या मापाने मोजत राहिलो. नावं लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आठवीतले सर म्हणजे दरारा. व्हरांड्यात त्यांच्या वहाणा वाजल्या की अख्खा वर्ग चिडीचूप. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल त्यांच्या काळात उत्तम लागायचा, हे मान्य केलंच पाहिजे. गावातले जुने पालक अजून त्यांचंच नाव काढतात. पण सर तालुक्याला मीटिंगला गेले रे गेले, की त्याच वर्गात डस्टर उडायचे आणि ते नेमके एकाच पोरावर पडायचे. खानापूरच्या रानातल्या वाडीवरून चालत येणारा, पावसाळ्यात इरलं घेऊन दारात निथळत उभा राहणारा तो मुलगा. सरांचा मार खाल्लेली दांडगी पोरं त्याच्यावर राग काढायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही, आणि हजेरीपटातून त्याचं नाव कधी गेलं तेही कुणाला कळलं नाही.

त्यानंतर काही महिने प्रभारी होते. देवमाणूस. ‘तुम्हीच बघा की ओ’ हे त्यांचं पालुपद. वाचनालयाची किल्ली हरवली ती हरवलीच. त्यांच्याविषयी तक्रार नाही, आठवणही फारशी नाही.

तिसरे सर आले ते जून १९८६ मध्ये. ते दिवस सीमाभागातल्या माणसाला सांगायला नकोत. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात १ जूनला गोळीबार झाला होता, गावागावांत सुतक होतं आणि नेमकी त्याच वेळी आमच्या शाळेत धारवाडकडच्या एका तरुण कन्नड शिक्षकांची नेमणूक झाली. बिचारे स्टाफरूममध्ये कोपरा धरून एकटेच डबा खायचे. पोरांनी त्यांच्या तासाला बाकं वाजवायचं ठरवलं होतं. तास सुरू झाला आणि मुख्याध्यापक वही घेऊन आत आले, थेट मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. बाराखडी गिरवली. तास संपल्यावर उठून वही पुढे केली, “सर, जरा तपासा.” त्या पोरसवद्या शिक्षकांनी घाबरत घाबरत दोन अक्षरांभोवती लाल गोल केले. मुख्याध्यापकाच्या वहीत लाल शाई! बाकं वाजली नाहीत, त्या दिवशी नाहीत आणि पुढेही नाहीत. सरांचं मराठीपण पातळ होतं असं कुणी समजू नये. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत ते दंडाला फीत बांधून पुढे असायचे. सक्तीशी भांडण वेगळं आणि पोटापाण्यासाठी आलेला माणूस वेगळा, एवढा हिशेब त्यांच्याकडे पक्का होता.

त्यांचीच दुसरी गोष्ट. मुताऱ्या धुणं हे शिपाईमामांच्या गळ्यात पडलेलं काम. पहिले सर त्यांना बेल दाबून ‘ए’ म्हणून बोलवायचे. तिसरे सर वयाने बरोबरीचे असूनही ‘मामा’च म्हणायचे. एकदा इतिहासाच्या तासाला त्यांनी बेळगावचं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन शिकवलं. गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलं ते हे एकमेव अधिवेशन, हे आम्हाला पाठ होतं. पण तिथल्या सफाईचं काम काका कालेलकरांनी, म्हणजे एकेकाळी बेळगावातच शाळेत शिकवलेल्या माणसाने, अंगावर घेतलं होतं हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुताऱ्यांची पाळी लागली. सोमवारच्या रकान्यात पहिलं नाव सरांचं. सहलीपासून स्नेहसंमेलनापर्यंत ते वर्गाला विचारत बसायचे, गोंधळ व्हायचा, वेळ जायचा. निकालही पहिल्या सरांइतका लागला नाही, तेही लिहून ठेवतो.

बऱ्याच वर्षांनी कंपनीने आम्हा सुपरवायझरांना ट्रेनिंगला बसवलं. मास्तरांनी कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या संशोधकांचा अमेरिकेतला १९३९ चा प्रयोग सांगितला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं, मुखवटे वगैरे करायचं काम, आणि आळीपाळीने तीन तऱ्हांचे पुढारी : हुकूम सोडणारा, मुलांना घेऊन ठरवणारा आणि नुसता बसून राहणारा. हुकमाखाली मुकाट राहणारी मुलं पुढारी समोर असताना ७४ टक्के वेळ कामात असायची. तो बाहेर गेला की २९ टक्के. सगळ्यांना विचारून चालणाऱ्याकडे हेच आकडे ५० आणि ४६. हुकमाच्या मंडळांत मुलं एखाद्यालाच धरून त्रास द्यायची, इतका की तो सोडून जायचा. इथे मला इरलं आठवलं. वीसपैकी एकोणीस मुलांना विचारून चालणाराच आवडला. ज्या एकाला हुकूमवाला आवडला तो लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. यावर आमचा हॉल खो खो हसला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात दुसरं काय होणार!

आमच्या धंद्यात याचा पैशात हिशेब लागतो. आमचे साचे वाळूचे. त्या वाळूत ओल जास्त राहिली की धातूचा रस ओतताना वाफ धरते आणि नगात पोकळ्या राहतात. आम्ही त्याला ब्लो होल म्हणतो. बेळगावचा पाऊस, वाळू दमट होणारच. ती मोल्डरच्या, म्हणजे साचा भरणाऱ्याच्या, हाताला आधी कळते. एका शिव्याखाऊ पाळीत मोल्डर गप्प राहायचे, कारण ‘वाळू बरोबर नाही’ म्हटलं की पहिली शिवी सांगणाऱ्यालाच. संध्याकाळी त्या पाळीचे नग जास्त भरायचे. मशिनिंगला गेले की त्यातले परत यायचे. शेजारच्या पाळीचा सुपरवायझर विचारायचा, “काय म्हणतीय वाळू?” आणि मोल्डर सांगायचा, “आज नको ओ साहेब, ओली हाय.” तरीही लॅडल, म्हणजे तापलेल्या रसाचं भांडं, उचलल्यानंतर चर्चा नसते, हेही तितकंच खरं. तेव्हा एकाने ओरडायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या सरांची मला तेवढ्यापुरती आठवण येते.

आता समितीला एक विनंती. महोत्सवाच्या पत्रिकेत आमदार, चेअरमन, तिन्ही मुख्याध्यापक सगळे आहेत, शिपाईमामा नाहीत. ते अजून गावातच असतात, गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. व्यासपीठावर एक खुर्ची वाढवा. त्यांना आणायला गाडी मी पाठवतो.