क्रौंच गेले, वारकरी राहिले

निफाडचा पारा किती घसरला हे दर हिवाळ्यात पेपरात वाचायचं आणि पांघरूण आणखी घट्ट ओढून घ्यायचं, एवढाच माझा त्या थंडीशी संबंध होता. यंदा मात्र स्वतःहून तिच्या तोंडी गेले. कारण क्रौंच, हिवाळ्यात येणारे ते उंच, लांब पायांचे पाहुणे पक्षी. निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात क्रौंच उतरलेत असं कळलं आणि उडत्या थव्याचा एक तरी धड फोटो काढायचाच, असं मनाने घेतलं.

पहाटे साडेचारला मैत्रीण आणि मी नाशिक सोडलं. चांदोरी मागे पडलं तसा काचा बंद असूनही गाडीत धुराचा वास यायला लागला. द्राक्षबागांतून जागोजागी शेकोट्या धुमसत होत्या. त्या माणसांसाठी नव्हत्या, वेलींसाठी होत्या. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून शेतकरी रात्र जागून पालापाचोळा पेटवतात आणि बागेत धूर कोंडतात. आम्ही दोघी हौसेखातर जागलेल्या. जरा लाजच वाटली.

अभयारण्याकाठच्या चापडगावला पोचलो तेव्हा अंधारच होता. आमचा गाईड गावातलाच तरुण, डोक्याला मफलर, गळ्यात दुर्बीण. त्याने नमस्कार केला आणि पहिल्यांदा माझ्या कानटोपीकडे बघितलं. भगवी, ऊबदार, आईने विणलेली.

"ताई, ती टोपी पिशवीत टाका. नाहीतर पक्षी तुम्हालाच बघत बसतील."

निफाडच्या थंडीत कान उघडे टाकून निघाले. दोन्ही बाजूंना ऊस. गाईड मध्येच थांबला आणि मोबाईलच्या उजेडात ओल्या मातीतला एक ठसा दाखवला. "कुत्र्याचा असता तर नखं उमटली असती." एवढंच बोलून तो पुढे चालायला लागला. या भागात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो, त्यामुळे त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. आम्ही दोघी मात्र त्यानंतर त्याच्या पाठीला चिकटूनच चाललो.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे हा बंधारा आहे, शंभर वर्षांहून जुना. खालच्या कालव्यांना पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात बांधलेला. नद्यांनी त्यात पाण्याबरोबर गाळही आणून ओतला. इंजिनियरच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि बदकांना व दलदलीत चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना याहून काय हवं? १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि ते मुळात गाळाने भरलेला एक बंधारा! मला हे फार आवडतं.

"तुम्ही जरा उशिरा आलात," गाईड म्हणाला. "चार दिवसांपूर्वी वरून आवर्तनाचं पाणी सुटलं. समोर बेट होतं, ते गेलं पाण्याखाली."

मी फोटोग्राफीचं सगळं नियोजन करून आले होते. सूर्योदय किती वाजता, वारा कुठून, लेन्स कोणती. पण वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून शेतीचं पाणी कधी सुटणार हे बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाणी चढलं की बदकांची चैन. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की शेकाटे, पाणटिवळे, तुतवार यांचे दिवस. म्हणजे इथे कोणता पक्षी तुमच्या कॅमेऱ्यात येणार हे बरंचसं कोपरगावकडच्या शेताला पाणी कधी द्यायचं यावर ठरतं.

फटफटायला लागलं. पाण्यावर धुकं इतकं की दहा फुटांवरचं लव्हाळंही दिसेना. कॅमेरा चालू करून मी उगाच इकडेतिकडे फोकस लावत होते. "तो ठेवा खाली," गाईड हळूच म्हणाला. "आधी ऐका." मग ऐकू यायला लागलं. थापट्या बदकांची चोच पाण्यात चाळण लावल्यासारखी चालते त्याची बारीक चळचळ. चक्रवाकांची ती नाकातून आल्यासारखी हाक. आणि लांब, फार लांब, कोणीतरी फुटक्या तुतारीत फुंकावं तसा आवाज.

"क्रौंच. उठतील आता."

रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपायचं आणि उजाडलं की हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरायला जायचं, हा त्यांचा दिनक्रम. पण धुकं हटेपर्यंत उठणार नाहीत असं त्याचं म्हणणं पडलं. माझी बोटं बधिर झाली होती. मैत्रीण म्हणाली, पाचच मिनिटं गाडीत बसू, थर्मासमधला चहा घेऊ. मी कॅमेरा घेऊनच गाडीत शिरले. हीटर चालू, चहाची वाफ, आणि गारठलेली लेन्स मांडीवर. पुढचं सांगायला नकोच. बाहेरून हाक आली तेव्हा धावत सुटले, कॅमेरा डोळ्याला लावला, तर आत सगळा दुधाचा हंडा. लेन्सवर दव जमलेलं. रुमालाने पुसलं की पुसता पुसता पुन्हा धूसर. क्रौंच डोक्यावरून गेले, माना लांब, पाय लांब, एका ओळीत. नुसत्या डोळ्यांनी बघितले. छानच होते. पण त्या क्षणी मला छान वगैरे काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर चिडून पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली पाण्याच्या काठाला बसले. लेन्स टेकवायला हरभऱ्याने भरलेली पिशवी होती, ती मांडली आणि समोर जे येईल ते बघायचं ठरवलं. समोर होती जांभळी पाणकोंबडी. हिला मी आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण ती सगळीकडे असते. तिने पाणवनस्पतीचा एक दांडा चोचीने उपटला, मग पाय उचलून तो दांडा लांबसडक बोटांत धरला, अगदी आपण मक्याचं कणीस धरतो तसा, आणि सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. साल पाण्यात टाकली. दुसरा दांडा. पंधरा-वीस मिनिटं हा कार्यक्रम चालला होता. जांभळ्या-निळ्या पिसांवर कोवळं ऊन, कपाळावर लाल टिळा.

पलीकडे मोकळ्या पाण्यात वारकरी होते, शेकड्यांनी. काळाकुळकुळीत पक्षी आणि कपाळावर पांढरा गंध, म्हणून वारकरी. चांदवाही म्हणतात. फोटोग्राफरला त्रास देणारं जित्राब आहे हे. काळ्यासाठी प्रकाश वाढवला की पांढरं जळतं, पांढरं सांभाळलं की पक्ष्याच्या जागी कोळसा दिसतो. मी त्या हिशेबात असतानाच सगळे एकदम गप्प झाले. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून अगदी खालून तरंगत येत होता, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून. इकडे तिकडे पांगलेले वारकरी पोहत एकत्र यायला लागले. घोळका आवळत गेला, पिसाला पीस लागलं, आणि मधोमध गर्दी नि कडेने पाण्याचा मारा सुरू झाला. भोवत्या वर घिरट्या घालतोय, खाली पंखांनी पाणी उडवत अख्खं काळं रिंगण फिरतंय. त्याला हवा असतो एकटा पडलेला, आजारी, मागे राहिलेला. तो सापडेना. दोनदा झेपावला, दोनदा रिकाम्या पायांनी वर गेला. १/२००० चा शटर लावून मी बोट उचललंच नाही.

मजा उतरवली ती मनोऱ्यावरच्या एका गटाने. भोवत्या गेला, वारकरी जरा सैल झाले, तर वरून टाळ्या. पक्षी उडवायला. उडताना फोटो चांगला येतो ना! गाईड शांतपणे वर गेला, काय बोलला ऐकू आलं नाही, पण टाळ्या थांबल्या. खाली आल्यावर म्हणाला, "हिमालयापलीकडून आलेत काही. दमून आलेत. खाऊ द्या की त्यांना."

दहा वाजले तशी पाण्यावरची हवा थरथरायला लागली. लांबचे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, कॅमेऱ्यात मात्र वितळल्यासारखे. भिंग कितीही महागाचं घ्या, मृगजळापुढे त्याचं काही चालत नाही. इथे नांदूर मधमेश्वर गावात मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. सोन्याच्या हरणामागे आलेल्या रामाची गोष्ट या गावाशी जोडतात. लेन्स पिशवीत भरताना ती आठवली आणि हसू आलं.

घरी येऊन मोजलं, चौदाशे फोटो. निम्मे पाणवेलीवर फोकस झालेले. ही पाणवेल वरून, शहरांच्या सांडपाण्यावर पोसून येते आणि पाण्याचा मोकळा तुकडा दिसला की व्यापून टाकते. पाणकोंबडीचे चार ठेवले, रिंगणाचे सात. क्रौंचांचा एक, धुक्यात राखाडी रेघा ओढल्यासारखा. तो पुसून टाकायला हात होईना, म्हणून गाईडला पाठवून दिला, गंमत म्हणून.

रात्री त्याचं उत्तर आलं. "ताई, चौदा होते. तुमच्यात नऊच आलेत."