ला प्लान्यला जायचंय: सव्वाचारशे किलोमीटर आणि चार वर्षांचा धाकटा

स्कीइंगच्या सुट्टीचा विषय निघाला की आमच्याकडे पहिली चर्चा किलोमीटरची होते. फ्रान्समधल्या साव्हुआतल्या ला प्लान्यमध्ये सुमारे २२५ किलोमीटरच्या पिस्ट, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या उतरणी, आहेत. शेजारचं लेझार्क हे रिसॉर्ट धरलं तर पारादिस्की या नावाखाली हा आकडा ४२५ वर जातो. येत्या जानेवारीत आम्ही तिथेच चाललोय. पण एवढ्या मोठ्या रिसॉर्टचं नियोजन मी या आकड्यापासून करत नाही. घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या सकाळपासून करते.

आम्ही पाच जण आहोत. मी आणि नवरा बऱ्यापैकी स्की करतो. बारा वर्षांची लेक निळ्या, म्हणजे सोप्या पिस्ट सहज उतरते आणि यंदा तिला अवघड, लाल हव्यात. चार वर्षांचा धाकटा पहिल्यांदाच स्की पायाला बांधणार आहे. सासूबाई स्की करणार नाहीत, पण त्यांना डोंगर बघायचेत, आणि तेही हॉटेलच्या खिडकीतून नाही.

ला प्लान्य म्हणजे एकच गाव नाही. १९६१ पासून वाढत गेलेल्या वस्त्यांचा तो समूह आहे. साधारण २००० मीटरवर प्लान्य सांत्र, एम २०००, बेलकोत, बेल प्लान्य. आणि खाली १२५० मीटरच्या आसपास मॉन्शावँ, शांपान्यी अशी जुनी गावं. बुकिंगच्या साइटवर सगळ्यांपुढे ‘ला प्लान्य’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून नकाशा शेजारी उघडून बसावं लागतं. खालच्या गावांत झाडं आहेत. आभाळ उतरून वर सगळं पांढरं झालं, बर्फ कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं, की झाडांमधली पिस्टच आधार देते. नजरेला काहीतरी धरायला मिळतं. वर झाडं नाहीत, पण बर्फाची खात्री जास्त आणि दारातूनच स्की करत निघता येतं.

मी बेल प्लान्य निवडलं. कारण एकच: धाकट्याचा वर्ग. फ्रान्समध्ये लाल जॅकेटवाल्या ईएसएफ स्की स्कूलचे ‘प्यू-प्यू’ वर्ग तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात. कुंपण घातलेली बर्फाची बाग, पोरांना वर नेणारा सरकता पट्टा, आणि शेवटी मिळणारं पदक. वर्ग सकाळी लवकर भरतो. स्कीचे बूट घातलेलं चार वर्षांचं मूल तीनशे मीटर चालत नाही, ते उचलून न्यावं लागतं. आणि त्याच वेळी आपल्या खांद्यावर आपल्या स्की, हातात त्याच्या. म्हणून घर बघताना मी खोल्यांचे फोटो नंतर पाहिले, आधी दार ते बाग हे अंतर मोजलं आणि मध्ये जिना आहे का ते मालकांना विचारून घेतलं.

तारखांवर नवऱ्याशी थोडी ओढाताण झाली. त्याला फेब्रुवारी हवा होता; दिवस मोठा, ऊन जास्त. पण फ्रान्समधल्या शाळा ए, बी, सी अशा तीन विभागांत वाटलेल्या आहेत आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या त्यांच्या दोन-दोन आठवड्यांच्या सुट्ट्या मागेपुढे येतात. जवळजवळ महिनाभर डोंगर भरलेला असतो. पॅरिसच्या शाळांना सुट्टी लागली की डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची रांग आणि घरांचं भाडं दोन्ही चढतात. जानेवारीचा मधला आठवडा गारठ्याचा, पण मोकळा. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलाला लिफ्ट पास मोफत मिळतो, वयाचा पुरावा दाखवून, आणि धाकट्याचा पाचवा वाढदिवस मार्चमध्ये आहे.

पासचं तर मी ठामपणे सांगेन: कुटुंबात कोणी नवशिके असतील तर सगळ्यांसाठी अख्ख्या पारादिस्कीचा पास काढू नका. आम्ही ला प्लान्यपुरताच घेतोय. लेकीनं मात्र आधीच बजावलंय, “आई, व्हानोआझ एक्सप्रेसनं एकदा तरी पलीकडे जायचंच!” तिचं बरोबर आहे. २००३ साली सुरू झालेली ही दुमजली केबल कार एका वेळी दोनशे माणसं घेऊन दरीवरून लेझार्कच्या बाजूला जाते. त्या एका दिवसापुरता पास वाढवून घेता येतो. बाप-लेक जातील, मी धाकट्यापाशी थांबेन.

विम्यावर कंजूषी नको. पिस्टवरून जखमी माणसाला खाली आणण्याचे पैसे फ्रान्समध्ये आकारले जातात. प्रवासविम्यात हिवाळी खेळ धरलेत का ते ओळ न् ओळ वाचावं. नसतील तर लिफ्ट पासबरोबर ‘कारे नेज’ विमा मिळतो. हेल्मेटची तिथे सक्ती नाही. आमच्या घरात आहे. आणि भाड्याच्या दुकानात वजन खरं सांगायचं! बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोरावर सुटावं हे वजन, उंची आणि कौशल्य बघूनच ठरवतात.

लेकीला या वर्षी दोन गोष्टी पाठ करून घेतल्यात. खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. वरून येणाऱ्यानं त्याला सांभाळून जायचं. आणि धुक्यात सापडलो तर पिस्टच्या कडेचे खांब बघायचे. त्यांवरचे आकडे खाली जाताना कमी होत जातात आणि उतरताना उजव्या हाताच्या खांबांवरचा नारिंगी पट्टा मोठा असतो.

सासूबाईंचा दिवस मी सगळ्यात शेवटी नाही, धाकट्याच्या पाठोपाठ आखलाय. पायी फिरणाऱ्यांचा वेगळा पास असतो. बेल प्लान्यहून छोट्या गोंडोलानं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यानं, बेलकोत, तिथून बसनं प्लान्य सांत्र, आणि मग ग्रांद रोशेतची गोंडोला: २५०० मीटर, स्वच्छ दिवशी समोर माँ ब्लां शिखर. बुटांखाली लावायचे रबरी काटे त्यांनी स्वतःच मागवलेत. “अगं, वर गेल्यावर मला घाई करायची नाही,” एवढीच त्यांची अट आहे. गॉगल आणि सनस्क्रीन माझी अट. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

घरं शनिवार ते शनिवार मिळतात आणि त्या दिवशी दरीतल्या मूतिए गावाच्या दिशेनं गाड्यांची रांग लागते. त्यामुळे आम्ही एम-ला-प्लान्य स्टेशनपर्यंत रेल्वेनं आणि तिथून वर बसनं जातोय. आता एकच गोष्ट ठरायची राहिलीय: धाकट्याचा वर्ग सुटल्यावर पाचही जणांनी जेवायला कुठे भेटायचं. मी बागेशेजारच्या टेरेसवर अडून बसलेय, कारण सासूबाईंना तिथवर सपाट रस्ता आहे. लेकीला वरचं, चेअरलिफ्टनं गाठायचं ठिकाण हवंय. एक दिवस तिचं, बाकीचे माझे, असं बहुतेक ठरेल.