४२९४९६७२९७च का?

आवडती संख्या कोणती, असं मला बऱ्याचदा विचारतात. समोरच्याला ७ किंवा फार तर रामानुजनची १७२९ अपेक्षित असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २ चा ३२वा घात, अधिक एक.

२ चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घ्या आणि प्रत्येकात एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! पुढेही असंच चालणार, असं १६४० मध्ये फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माला वाटलं. रांगेतली सहावी संख्या म्हणजे माझी ही. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने तिचे दोन तुकडे करून दाखवले: ६४१ गुणिले ६७००४१७.

मला चुटपुट लागते ती फर्मासाठी. त्याच १६४० सालच्या त्याच्याच दुसऱ्या एका प्रमेयातून निघतं की या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ने भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्याच भागाकाराला सापडली असती!

पण मी या संख्येच्या प्रेमात आहे ते वेगळ्याच कारणासाठी. ६४१ने भाग जातो हे पाहायला भागाकार करावाच लागत नाही. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. तेव्हा या गुणाकाराला ६४१ने भागलं की बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी पडतो. चौथा घात घ्या, बाकी होते १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा! म्हणून ६२५च्या जागी उणे १६ ठेवता येतात. १६ हा २ चा चौथा घात, तो २८व्यात मिसळला की झाला ३२वा. म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात एक मिळवला की शून्य. इतकंच. फळ्यावर चार ओळी होतात, आणि दर वेळी ते ६२५ अधिक १६ आलं की मला तितकाच आनंद होतो.

रांगेतल्या पुढच्या सत्तावीस संख्याही संयुक्तच निघाल्या आहेत. अठ्ठाविसावीचा निकाल अजून लागायचाय. त्या सत्तावीसपैकी दोघींचा तर एकही विभाजक कुणाला मिळालेला नाही. त्यांतली लहान आहे ३,१५,६५३ अंकी. तरी ती मूळ नाही हे पक्कं ठाऊक आहे, आणि तेही असाच बाक्यांचा हिशोब करून.