तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनशिवाय बॉडी झाली कशी?

जिममध्ये नव्याने येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. मी शिकलो त्या जुन्या जिममध्ये दोन बार, एक बेंच, स्क्वॉटचा स्टँड, गंजलेल्या प्लेट, डिप्सच्या दांड्या आणि पुल-अपचा पाइप एवढंच सामान होतं. हे ऐकलं की म्हणतात, "मग दादा, एवढ्यावर बॉडी झाली कशी?"

माणसांमुळे झाली. तिथे एकट्याने व्यायाम करण्याची सोयच नव्हती.

बेंच एकच, त्यामुळे एका बारवर तिघंचौघं असायचे. एकाचा सेट, म्हणजे न थांबता मारलेल्या उचलींची एक फेरी, झाला की त्याच्या प्लेट उतरवायच्या, पुढच्याच्या चढवायच्या. पाळी फिरून येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जायचीच, आणि जड सेटनंतर साधारण तेवढी विश्रांती लागतेच. मधल्या वेळात कोणी रिकामं बसत नसे, नजर दुसऱ्याच्या सेटवर असायची. स्क्वॉटमध्ये टाच जराशी उचलली गेली तरी तीन बाजूंनी "टाच!" असा आवाज यायचा.

पण खरी विद्या होती ती सपोर्ट द्यायची. एकजण बेंचवर आडवा पडून बार छातीवरून वर ढकलतोय, त्याच्या डोक्याशी उभं राहायचं, तळवे बारच्या खाली पण बारला न लावता, बार खाली गेला की हात खाली, वर आला की वर. शेवटच्या रेपला, म्हणजे सेटमधल्या शेवटच्या उचलीला, बार छातीपासून वीतभर वर येतो आणि तिथेच जड होतो. कच्चा माणूस घाबरून लगेच ओढून घेतो. मुरलेला थांबतो. बार केसभर का होईना वर सरकतोय तोवर तो हात लावत नाही. सरकायचा थांबला की दोन बोटांचा आधार देतो, बार पुन्हा चालू लागेल इतकाच. आमचे एक सिनियर त्या क्षणी खालच्या आवाजात म्हणायचे, "मी हात लावलेला नाही, उचल." तो रेप आपलाच आहे हे कळलं की कुठून जोर यायचा कोण जाणे!

सव्वा किलोच्या प्लेट आमच्याकडे नव्हत्या. सगळ्यात लहान अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की बार एकदम पाच किलोंनी वाढणार. शोल्डर प्रेसला, म्हणजे खांद्यापासून बार डोक्यावर ढकलताना, ही उडी फार मोठी. मग आधी रेप वाढवायचे: आठवर अडकणारं वजन बारापर्यंत न्यायचं, मगच प्लेट चढवायची आणि पुन्हा आठपासून सुरुवात. याला आता डबल प्रोग्रेशन म्हणतात. ताकद संपत येईपर्यंत सेट ताणला तर बेताच्या वजनावरही स्नायू वाढतो, म्हणून थोडक्या प्लेटवर आमचं भागलं. जास्तीत जास्त ताकद कमवायची असेल तर मात्र जड बारला पर्याय नाही.

भिंतीवर लॅरी स्कॉटचं चित्र होतं. १९६५ च्या पहिल्या मिस्टर ऑलिंपिया या बॉडीबिल्डिंग स्पर्धेचा विजेता. ज्या तिरक्या बाकावर दंड टेकवून कर्ल मारतात, त्याला आजही स्कॉट बेंच म्हणतात. पुढे डोरियन येट्सने १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वेळा ती स्पर्धा जिंकली. तो बर्मिंगहॅममधल्या एका तळघरातल्या जिममध्ये घडला, आणि जोडीदार समोर उभा करून शेवटचे रेप पिळून काढण्यासाठी तो ओळखला जातो.

मशीनशी माझं वैर नाही. आर्थर जोन्सने १९७० च्या सुमारास नॉटिलस मशीन आणल्या. त्यातला कॅम, म्हणजे पूर्ण गोल नसलेलं चाक, सांध्याच्या कोनाप्रमाणे भार कमी-जास्त करतो, ही फार हुशारीची गोष्ट आहे. दुखापतीतून उठणाऱ्याला तर मशीन वरदानच. पण ठरलेल्या रेषेत फिरणाऱ्या मशीनवर डोक्याशी कोणी उभं राहायची गरज उरत नाही, आणि माझ्या मते जुन्या जिममधली सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच सुटते.

ती आजही मिळते. पुढच्या वेळी जड बेंच मारायचा असेल तेव्हा हेडफोन काढा आणि शेजारच्याला सांगा, "एक सेट सपोर्ट द्या." किती रेप काढायचे आहेत, स्टँडवरून बार उचलताना हात हवा की नको, आणि बार अडकल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आधीच बोलून घ्या. मग त्याचा सेट आला की तुम्ही उभे राहा.