साप, ताप, काप

इचलकरंजीहून फोन आला तेव्हा काकांचा निर्णय जवळजवळ झालेला होता. घरच्या थिएटरच्या स्पीकरना ताकद देणारा 7 चॅनलचा पॉवर अँप्लिफायर, प्रत्येक चॅनलला, म्हणजे एकेका स्पीकरला, 200 वॅट. एका मोठ्या दुकानाचं कोटेशन हातात होतं. मी येऊन सगळं बघायचं आणि "घ्या" म्हणायचं, एवढंच काम.

होम थिएटर बसवण्याच्या धंद्यात मी 16 वर्षं आहे. सुरुवातीच्या काळात एका बंगल्यात मी असाच "घ्या" म्हणालो होतो. छापलेले वॅट बघून 5 चॅनलचा जड अँप्लिफायर आणवला, चौघांनी उचलून रॅकमध्ये ठेवला, आणि आवाज होता तसाच राहिला. खरा दोष खोलीत होता. त्या माणसाचे पैसे माझ्या शब्दावर गेले, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी मल्टिमीटर घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाही.

काका सूतगिरणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते, आता निवृत्त. घर जुनं, इचलकरंजीतल्या कितीतरी घरांसारखं: खाली यंत्रमागांची खोली, वर राहणं. आता माग विकलेत, पण आधी 30 वर्षं काकू त्या खडखडाटाच्या डोक्यावर राहिल्या, कांड्या भरायला खाली उतरल्या. वरच्या 18 बाय 12 फुटांच्या खोलीत काकांनी थिएटर केलं होतं, आणि वायरिंग स्वतः केलेलं. स्पीकरला शुद्ध तांब्याची 2.5 स्क्वेअर एमएम वायर, दोन्ही टोकांना नंबर. इतकं नीटस काम मला क्वचित बघायला मिळतं.

"सिनेमा रंगात आला की रिसीव्हर ट्रिप होतोय बघा," काका म्हणाले. "दुकानदार म्हणतोय ताकद कमी पडत्या."

रिसीव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारं यंत्र, एक अँप्लिफायर त्याच्या आतच असतो. त्याच्या खोक्यावर 165 वॅट छापलेलं होतं. काकांनी बोट ठेवलं, "सात चॅनलचे साडेअकराशे झाले. आणि मागच्या पट्टीवर विजेची खेच किती, तर 480. आत जाईल तेवढीच बाहेर येणार की ओ?"

पट्टीवरचा आकडा कमाल खेच नसतो, ठराविक चाचणीतला असतो, हे मी त्यांना सांगितलं. पण शंका रास्त होती. आम्ही माहितीपुस्तिका उघडली. 165 वॅट कसे, तर 6 ओहमच्या स्पीकरवर (ओहम जितके कमी, तितका स्पीकर करंट जास्त ओढतो), एकच चॅनल चालू असताना, 1 किलोहर्ट्झच्या एका सुरावर आणि 10 टक्के विकृती धरून. दोन चॅनल चालवून, 8 ओहमवर, 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंत मोजलं की तोच रिसीव्हर 90 वॅटवर येत होता. विकत घेताना बघायचा आकडा हा दुसरा. सातही चॅनल एकदम चालवून मोजलेला आकडा पुस्तिकेत नव्हताच, बहुतेक पुस्तिकांत नसतो.

मग मी माझी नेहमीची चाचणी लावली. पेन ड्राइव्हवर 220 हर्ट्झचा एक सूर असतो, कमाल पातळीच्या 20 डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला. साधा मल्टिमीटर या फ्रिक्वेन्सीला भरवशाचं रीडिंग देतो. काकांना म्हटलं, तुम्ही रोज सिनेमाला ठेवता तिथं व्हॉल्यूम ठेवा. त्यांनी उणे 8 वर नेला; या मोजपट्टीवर शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. पुढच्या डाव्या स्पीकरच्या टर्मिनलवर 2.4 व्होल्ट आले.

20 डेसिबल म्हणजे व्होल्टेज 10 पट. म्हणजे सिनेमातल्या मोठ्यात मोठ्या आवाजाला या स्पीकरवर 24 व्होल्ट लागणार. स्पीकर 4 ओहमचा. मी कागद पुढं करायच्या आत काकांचं गणित झालं होतं, "सहा अँपिअर. 144 वॅट. आणि पुढं असे तीन स्पीकर."

8 ओहमवर 90 वॅट देणारा रिसीव्हर 26-27 व्होल्टपर्यंत जातो. व्होल्टेज पुरत होतं, करंट पुरत नव्हता. त्याच्या मागं तर स्पष्ट छापलं होतं: स्पीकर 6 ते 16 ओहमचे. त्यात कुणीतरी सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर 'लार्ज' करून ठेवलेले, म्हणजे खर्जाचा सगळा भारही त्यांच्यावरच, शेजारी खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सबवूफर, असून. आणि रिसीव्हर बसवलेला दार लावायच्या कपाटात.

इथपर्यंत कुणीही पोहोचला असता. दुकानदाराचं म्हणणंही निम्मं खरं ठरत होतं. मला खटकत होता तो उणे 8. अशा खोलीत, 10-11 फुटांवर बसून, इतक्या मोठ्यानं रोज कोण बघतं?

काका जरा वेळ गप्प बसले. मग आत बघून हळू म्हणाले, "हिला बोलणं कळत नाही हो. आवाज येतो म्हणते, शब्द कळत नाही म्हणते. म्हणून वाढवतो."

सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानांचं बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, त, क, च यांचे कंगोरे वरच्या पट्टीत असतात आणि तेच हरवतात. बोलणं कानावर पडतं, पण शब्द उकलत नाही. मी काकूंना खुर्चीवर बसवलं आणि माझ्याच आवाजात फोनवर शब्द रेकॉर्ड केले: साप, ताप, काप, चाप, खाप. उलटसुलट क्रमानं 20. ते फक्त सेंटर स्पीकरमधून वाजवले. काकू ऐकतील ते म्हणायच्या, मी टिपायचं. 20 पैकी 9.

सेंटर स्पीकर पडद्याखालच्या लाकडी कप्प्यात हातभर आत सरकवलेला होता आणि त्याचं तोंड काकूंच्या गुडघ्याकडं. वरच्या पट्टीचा आवाज काढणारा छोटा भाग म्हणजे ट्वीटर; त्याचा आवाज नाकासमोर सरळ जातो, बाजूला झपाट्यानं पडतो. काकूंना जे आधीच कमी ऐकू येत होतं, नेमकं तेच कप्प्याच्या फळीवर आपटून विखुरत होतं. आणि सिनेमातला संवाद जवळजवळ सगळा याच एका स्पीकरमधून येतो.

आम्ही तो कडेपर्यंत पुढं ओढला, खाली पाचर घालून काकूंच्या कानाकडं रोखला. पुढचे तिन्ही स्पीकर 'स्मॉल' केले, 80 हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडं वळवलं. सेंटर एकटा 3 डेसिबल वाढवला. शब्दांचा क्रम बदलून पुन्हा वाजवले. 16.

काकू म्हणाल्या, "आता तुम्ही नीट बोलायला लागलाय."

ही काही कानांची तपासणी नव्हे आणि मी डॉक्टर नव्हे. ऑडिओमेट्री करून घेतल्याशिवाय कुठलीच ऑर्डर द्यायची नाही, एवढं मात्र मी काकांकडून कबूल करून घेतलं. आधीच दुखावलेल्या कानांवर रोज तेवढा आवाज आदळणं मला बघवत नव्हतं.

मग काकूंनाच व्हॉल्यूम ठरवायला सांगितला. त्या उणे 14 वर थांबल्या, 6 डेसिबल खाली. पुन्हा मीटर लावला. डावा-उजवा 1.2 व्होल्ट, सेंटर 1.7. म्हणजे कमाल पातळीला बाजूचे 36-36 वॅट, सेंटर 72. तिघांचे मिळून 144, सकाळी एकट्या डाव्या स्पीकरला जेवढे लागत होते तेवढे. मागचे-बाजूचे 4 स्पीकर 8 ओहमचे, सीटच्या जवळ. तिथं 0.6 व्होल्ट, कमाल पातळीला साडेचार वॅट. कोटेशनमध्ये त्या चारांनाही प्रत्येकी 200 वॅट धरलेले होते.

"मग अँप्लिफायर नकोच?" काकांचा चेहरा जरा उतरला. मी नको म्हणालो नाही. 4 ओहमचे 3 स्पीकर त्या रिसीव्हरवर ठेवणं मला पटत नव्हतं, आज चाललं तरी मे महिन्यात त्या खोलीत काय होईल? पण 7 चॅनल नव्हे, 3 पुरे. पुढच्या तिघांचं ओझं उतरलं की रिसीव्हरचा पॉवर सप्लाय उरलेल्या चौघांना आरामात सांभाळतो. आधी एक खात्री करून घेतली: रिसीव्हरला प्री-आउट, म्हणजे बाहेरचा अँप्लिफायर जोडायच्या जागा, आहेत का? होते. स्वस्त मॉडेलना बऱ्याचदा नसतात, आणि अँप्लिफायर घरी आल्यावर ते लक्षात येतं.

प्रकार कोणता, यावर आम्ही चहाचे दोन कप संपवले. मला स्वतःला क्लास एबीचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे जड, टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरवाले अँप्लिफायर आवडतात, त्यांच्यावर मी हात बसवलाय. काकांचा पहिला प्रश्न, "इनरश किती?" मोटारींचे स्टार्टर सांभाळलेला माणूस, दुसरं काय विचारणार! मोठा टोरॉइड चालू करताना क्षणभर इतका करंट ओढतो की बी कर्व्हचा एमसीबी पडू शकतो, असा क्षणिक झटका सोसणारा सी कर्व्हचा बसवावा लागतो. त्यांच्या बोर्डात सी कर्व्हच होता. माझं मत फिरलं ते संध्याकाळच्या रीडिंगनं. सात वाजता सॉकेटवर 206 व्होल्ट. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये लाइन 10 टक्के पडली की आतलं व्होल्टेजही तेवढंच पडतं आणि कमाल वॅट वीसेक टक्क्यांनी जातात. आतलं व्होल्टेज स्थिर धरणारा चांगला स्विचिंग सप्लाय (एसएमपीएस) असलेला, कमी तापणाऱ्या क्लास डी प्रकारचा अँप्लिफायर तिथं डगमगत नाही, शिवाय कपाटात उष्णता कमी. 4 ओहमवर 200 वॅट देणारा 3 चॅनलचा क्लास डी ठरला. 72 लागतात तिथं 200, म्हणजे 4 डेसिबलहून थोडी जास्त मोकळीक. खर्च कोटेशनच्या निम्म्याहून कमी. कपाटाचं दार काकांनी त्याच आठवड्यात काढून टाकलं.

ऑडिओमेट्रीचा आलेख काकांनी फोनवर पाठवला. दोन्ही कानांत 4000 हर्ट्झला खड्डा. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं, काकू तयार नव्हत्या.

बसवायला गेलो त्या दिवशी नव्या अँप्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) रिसीव्हरच्या आतल्या अँप्लिफायरपेक्षा कमी निघाला, सगळ्या चॅनलच्या पातळ्या नव्यानं जुळवाव्या लागल्या. ते होतंच, त्यात तासभर गेला. काकांनी सगळी रीडिंग गिरणीतल्या लॉगबुकासारखी तारखेनिशी एका कागदावर उतरवली आणि विजेच्या बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवली.

मागच्या महिन्यात त्यांनी त्या कागदाचा फोटो पाठवला. खाली निळ्या शाईत एक नवी ओळ होती: "सौ.नी यंत्र लावून. सेंटर 1.2 व्होल्ट."